नसेभोवतीची पांढरी जागा

वहिनी,

काल तुमची शोकसभा झाली. कॉलेजातली मंडळी आली होती, तुमचे जुने विद्यार्थी आले होते, आणि खराडीतली आपली सगळी भावकी पुढच्या रांगा अडवून बसली होती. एकामागून एक उठत होता आणि तेच सांगत होता. सुनंदाताई म्हणजे घराचा आधार. सुनंदामॅडम म्हणजे विभागाचा आधार. दर वाक्याला आधार. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता धाकट्या जाऊबाई दोन शब्द बोलतील. मी उठले, माइक हातात घेतला आणि काही न बोलता परत येऊन बसले. लोकांना वाटलं, रडू आवरलं नाही. रडू आलंच होतं. पण राग त्याहून जास्त आला होता.

कारण तुमच्या पेपरात कुणी 'ग्लिया पेशी चेतापेशींना आधार देतात' एवढं लिहून पुढे सरकला, की तुम्ही त्याचा निम्मा गुण कापायचात. मी समोर बसून मटार सोलत असायचे आणि तुमचा लाल पेन उत्तरपत्रिकेवर चालताना बघायचे. 'आधार म्हणजे? टेकू लावतात? नेमकं काय करतात ते लिहा.' हेच वाक्य तुम्ही गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला लिहून द्यायचात. म्हणून म्हटलं, आपण नेमकं लिहावं. तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, नोकरीची वर्षं, ते सगळं भाऊजींनी पेपरात दिलंय. ते मी लिहीत नाही.

मी सदाशिव पेठेतली. अभय माझ्या ऑफिसात होता, तिथेच जमलं. लग्न ठरल्यावर माझी मावशी म्हणाली होती, "खराडी? तिथे जायला बस तरी आहे का?" तिचंही चुकत नव्हतं. तेव्हा आपल्या बंगल्याच्या मागे गोठा होता आणि गोठ्यामागे ज्वारी. आज तिथे काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीत मी कामाला जाते. आपल्याच शेतातल्या सातव्या मजल्यावर बसते म्हणून तुम्ही मला चिडवायचात, "पीक कसं आहे यंदा?"

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवलं. मोहरीच्या बरणीशेजारी एक छोटी काचेची बाटली होती, आत पाण्यात पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी. मी विचारलं, हे काय. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला विचार. बेडकाची नस हाय म्हणं. सांगून सांगून तोंड दुखलं माझं, सवयंपाकघरात नको आणू. ऐकती का?" तुम्ही मागून आलात, बाटली उचललीत, उजेडात धरून बघितलीत आणि पर्समध्ये टाकलीत. "आज प्रॅक्टिकल आहे, विसरले असते," एवढं म्हणून किनेटिकला किक मारून नगर रोडला लागलात. मी मनात म्हटलं, ह्या बाईशी आपलं एक तर अजिबात पटणार नाही, नाहीतर फार पटेल.

झालं दोन्ही. भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. मी विचारलं, तुम्ही मेंदूवर काम करता का? तुम्ही म्हणालात, "मेंदूच्या आणि नसांच्या आजूबाजूच्यांवर." मग समजावून सांगितलंत, की निरोप नेतात त्या चेतापेशी, आणि त्यांच्याभोवती असतात त्या ग्लिया पेशी. मी पटकन म्हटलं, "म्हणजे पॅकिंग." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की बस्स. पण चिडला नाहीत. टेबलावरचं पेन घेतलंत आणि पदराचं टोक त्याच्याभोवती गुंडाळायला लागलात. एक वेढा, दुसरा, तिसरा, घट्ट. "हे पेन म्हणजे नसेतला तंतू. पदर म्हणजे एक पेशी. अख्खी पेशी अशी स्वतःला गुंडाळून घेते. त्या वेढ्यांना मायलिन म्हणायचं. थोडं पुढे दुसरी पेशी, तिचे वेढे. दोघींच्या मधे जरासा तंतू उघडा. निरोप त्या उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी मारत जातो, म्हणून तो इतका झटकन पोचतो." मी म्हटलं, "कळलं. तारेवरची टेप." तुम्ही म्हणालात, "टेप तारेला जेवू घालते का? ह्या पेशी त्या तंतूला खायला घालतात. तुटला तर त्याला वाट दाखवतात. तुझी टेप करते का हे सगळं?" मी म्हटलं, "पण निरोप तर तार नेते ना?" ह्यावर तुमचं उत्तर असायचं, त्यावर माझं असायचं. पुढे कित्येक वर्षं, भाकऱ्या थापताना, लाइट गेल्यावर गच्चीत, आपलं हेच चाललेलं.

तुमच्या विद्यार्थ्यांची एक ठरलेली चूक होती. नसेचा आडवा काप घेऊन, नेहमीच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मध्ये एक ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती पांढरं वर्तुळ. मुलं ठिपक्याला बाण करून 'तंतू' लिहायची आणि वर्तुळाला बाण करून 'रिकामी जागा'. दर वर्षी. तुम्ही त्या शब्दांवर फुली मारायचात आणि मग वर्गात सांगायचात, की मायलिन म्हणजे बरीचशी चरबी. स्लाइड तयार करताना आपण ती अल्कोहोलमधून आणि मग आणखी एका द्रावणातून काढतो, त्यात ती चरबी विरघळून जाते. "ती जागा रिकामी नव्हती. तुम्ही धुतलीत." मला हे सांगताना तुम्ही हसायचात, पण वर्गात हसत नसणार. तुमचे विद्यार्थी काल म्हणाले, मॅडम त्या फुलीवर कधी ढिल्या पडल्या नाहीत.

मग मी आजारी पडले. दोन हजार साल येतंय म्हणून जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हवा होती तेव्हा. आम्ही रात्रंदिवस जुन्या प्रोग्रॅममधलं दोन आकडी साल चार आकडी करत बसलो होतो, आणि ह्याच कामासाठी मला अमेरिकेला पाठवायचं ठरलं होतं. व्हिसा हातात आला होता. अधेमधे जुलाब झाले, बरे झाले, मी लक्ष दिलं नाही. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मग जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला. अभय म्हणाला दगदग झाली, सासूबाई म्हणाल्या वात हाय, आणि मी म्हटलं चपला बदलायला हव्यात.

तुम्ही त्या संध्याकाळी पोळ्या लाटत होतात. मी जिन्यावरून उतरले त्याच्याकडे तुमचं लक्ष होतं. "मंजू, इकडे बस. ओट्यावर. पाय लोंबते सोड." पीठ लागलेलं लाटणं घेतलंत आणि त्याच्या टोकाने माझ्या गुडघ्याखाली ठोकलंत. पाय हलला नाही. दुसऱ्याला ठोकलंत. तोही नाही. मग स्वतः स्टुलावर बसून स्वतःच्या गुडघ्याखाली ठोकलंत, तुमचा पाय टुणकन उडाला. तुम्ही गॅस बंद केलात.

"अहो, गाडी काढा."

भाऊजी पेपर वाचत होते. "सकाळी जाऊ की. अशक्तपणा असेल तिला."

"अशक्तपणात पाय उडतो. हिचा उडत नाहीये. काढा गाडी."

तव्यावरची पोळी तशीच राहिली. मला अजून आठवतं, गाडीत तुम्ही माझा हात धरला नाहीत, धीर दिला नाहीत. दर थोड्या वेळाने म्हणत होतात, "मोठा श्वास घे. आता एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हण." मला वाटलं, माझं मन रमवताय. ते पुढे कळलं, की हा आजार छातीपर्यंत चढला तर श्वासच बंद पडतो, आणि तुम्ही मोजत होतात की तो कुठवर आलाय.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि तुमचा संशय खरा ठरला. माझ्याच शरीरातल्या लढणाऱ्या पेशी पोटातल्या जंतूंशी लढल्या आणि त्या झटापटीत घरच्यांनाच शत्रू समजून नसांभोवतीचं मायलिन सोलून काढायला लागल्या. श्वासापर्यंत गेलं नाही. पण कमरेखाली काही उरलं नाही, हातात चमचा धरता येईना. अमेरिकेचं तिकीट गेलं, त्याचं मला तेव्हा सोयरसुतकही नव्हतं. मला एकच कळायला हवं होतं, की मी चालणार का. डॉक्टर म्हणाले, बहुतेक चालाल, वेळ लागेल. 'बहुतेक' ह्या शब्दाने माझी झोप उडवली.

घरी आणल्यावर तर विचारूच नका. कोण तेल घेऊन यायचं, कोण अंगारा. तुम्ही दारातच उभ्या. "पेशंट झोपलंय. तेल ठेवून जा, फोडणीला होईल." पण तेलवाले परवडले. मला छळलं ते मनाची ताकदवाल्यांनी. मन खंबीर ठेव. तू ठरवलंस तर चालशील. सगळं तुझ्या इच्छेवर आहे. आणि मी अंथरुणावर पडून ठरवत होते. रोज ठरवत होते. अंगठ्याकडे बघून त्याला हल म्हणत होते, आणि तो ढिम्म. म्हणजे माझंच मन कुचकामी, माझीच इच्छा तोकडी, असं मला खरंच वाटायला लागलं होतं. एकदा तुम्ही मला भात भरवत होतात आणि मी हे सगळं भडाभडा बोलून टाकलं.

तुम्ही घास तसाच हातात धरलात. म्हणालात, "तुझ्या मनाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. तंतू आत शाबूत आहेत, तपासणीत दिसलंय. वरचं गेलंय. ते परत गुंडाळायचं काम ज्यांचं आहे, त्या करताहेत. तू जागी असताना करताहेत, झोपल्यावर करताहेत, तू हिरमुसलीस तरी करताहेत. तुझी परवानगी कुणी मागितलेली नाही. तू खा, व्यायाम करून घे, आणि रडायचं असेल तर रड, त्यांना काही फरक पडत नाही. तोंड उघड."

वहिनी, माझ्या आजारपणात मला कुणी इतकं मोकळं केलं नाही. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि पोटभर जेवले.

त्याच सुमारास तुमच्या प्रयोगशाळेतली अर्धी जागा कॉम्प्युटरसाठी काढून घेतली. मुलं प्राणिशास्त्र सोडून सॉफ्टवेअरच्या क्लासला पळत होती, कॉलेज तरी काय करणार. तुम्ही दुःख केलं नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. परवानगी काढून एक जुना सूक्ष्मदर्शक घरी आणलात, त्याचा आरसा कोलगेटने घासलात आणि जेवणाच्या टेबलावर खिडकीशी मांडलात. मला खुर्चीत बसवून, मागून मान धरून, डोळा लावून दिलात. पहिली स्लाइड नेहमीची. ठिपके आणि पांढरी वर्तुळं. मग म्हणालात, "आता ही बघ. ही वेगळ्या रसायनाने केलीय. ह्यात चरबी धुऊन जात नाही, काळी होते." मी बघितलं. जिथे पांढरं होतं तिथे काळ्याभोर जाड कड्या होत्या. शेकडो. एकीला लागून एक, कासाराच्या दुकानात बांगड्या रचल्यासारख्या. तंतू त्यांच्या मधे जेमतेम दिसत होता.

"एवढं?" मी म्हटलं.

"एवढं," तुम्ही म्हणालात. "आणि तुझ्यातलं हे सगळं गेलंय, तरी तू मला पॅकिंग म्हणतेस."

सासूबाईंनीही डोळा लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ही बाईमाणसं हायेत व्हय गं सगळी?" तुम्ही असं काही हसलात, की टेबल हललं आणि नस दिसेनाशी झाली.

अंगठा हलला तो एका सकाळी, मी त्याचा विचारही करत नसताना. दाराची बेल वाजली म्हणून मी दचकले आणि तो हलला. मग घोटा. मग भिंतीला धरून उभं राहणं. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, की नवे वेढे जुन्याइतके जाड होत नाहीत, तेव्हा मुकाट्याने जे मिळेल ते घे. मिळालं ते पुष्कळ होतं. मी चालले, कामावर परत गेले, जिने चढले. दमले की डावं पाऊल जरासं आपटतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण मी ऑफिसातून येऊन दारात पाऊल टाकलं, की कधीकधी तुम्ही आतूनच म्हणायचात, "आज चहा मी करते, तू बस." चपलेच्या आवाजावरून ओळखायचात ना? हे मला तुम्हाला एकदा विचारायचं होतं.

विचारायचं राहिलेलं ते एकच नाही. त्या वर्षी तुम्ही माझ्यासाठी लांबलचक सुट्टी घेतलीत, आणि त्या सुट्टीत तुमचं स्वतःचं काही हुकलं का, संशोधनाचं, बढतीचं, हे मी विचारलं की तुम्ही भाजी चिरायला घ्यायचात. मी अजून खात्री करून घेऊ शकलेले नाही. हुकलं असलं तर मला वाईट वाटू नये, एवढीच तुमची काळजी असणार. ही तुमची जबरदस्ती होती, वहिनी. मला वाईट वाटायचा हक्क होता.

आणि ते देहदानाचं. गेल्या वर्षी तुम्ही चहा पिताना, दूधवाल्याचा हिशोब सांगावा तसं सांगितलंत, की मला जाळायचं नाही, मेडिकल कॉलेजला द्यायचं. मी कप खाली ठेवला. म्हटलं, मला नाही चालणार. तुम्ही म्हणालात, "तुला कुठे जायचंय? मला जायचंय." मी म्हटलं, पोरंटोरं तुम्हाला कापतील, नसा ओढून काढतील, मी कशी झोपू घरी? तुम्ही म्हणालात, "मी जन्मभर दुसऱ्यांच्या नसा कापून खाल्लं, माझी पाळी आली की तोंड फिरवू?" मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, ती मुलं तुमचं मायलिन धुऊन टाकतील आणि खाली रिकामी जागा लिहितील. तुम्ही जरा विचारात पडलात. खरंच पडलात. म्हणालात, "लिहू देत. कुणीतरी फुली मारणारं असेल तिथे." मी म्हटलं, ह्यावर मी तुमच्याशी पुन्हा बोलणार आहे, मी सोडणार नाही. तुम्ही म्हणालात, बोल की. आणि मग आपण बोललोच नाही. मीच टाळत गेले. मला वाटलं, पुष्कळ वेळ आहे.

त्या दुपारी तुम्ही जेवून वर पडायला गेलात आणि उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. तासाभरात भावकी जमली. कुणी फोन लावत होतं, कुणी वैकुंठ स्मशानभूमीत विचारत होतं, कुणी बांबू आणायला निघालं होतं. भाऊजी तुमच्या उशाशी बसून होते. त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "मंजू, तुला तिने काय सांगितलं होतं?"

त्यांना माहीत होतं, वहिनी. त्यांनाही तुम्ही सांगितलेलं असणार. पण भावकीसमोर बोलायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसती गप्प राहिले असते, तरी झालं असतं. माझंच म्हणणं खरं झालं असतं. तुम्हाला अग्नी मिळाला असता, आम्हाला राख मिळाली असती, आणि मी रात्री झोपू शकले असते. पण तुम्ही उत्तर द्यायला नसताना तुमच्याशी भांडण जिंकायचं माझ्या जिवावर आलं.

"देहदान," मी म्हटलं. "मेडिकल कॉलेजला कळवा."

मग जे व्हायचं ते झालं. अग्नी नाही म्हणजे काय. तेराव्याला काय करायचं. सुशिक्षित सुना आणल्या की हे असं. अभय माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. सासूबाईंना दोघींनी धरून वर आणलं. त्या तुमच्या पायांशी बसल्या, तुमच्या पावलांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "साळंत जायाचं म्हणत आसंल तर जाऊ द्या तिला. कवा थांबली हाय ती घरी?" अभयने मेडिकल कॉलेजला फोन लावला.

कॉलेजची गाडी आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी चादरीत घालून खाली न्यायचं ठरलं, चौघांनी चार कोपरे धरून. एक कोपरा मी धरला. भाऊजी म्हणाले, "तू नको मंजू, तुझा पाय..." मी म्हटलं, "भाऊजी, सरका." जिन्यावर उतरताना पुढच्यांवर सगळा भार येतो, मी पुढचा कोपरा घेतला. कठडा धरायला हात मोकळा नव्हता. एकेक पायरी उतरलो. वळणावर क्षणभर तुम्ही सगळ्याच्या सगळ्या माझ्या बाजूला कललात.

जड होतात हो, वहिनी. पायांनी पेललं.